भिंतीवरची थोरली

इरम्माला खाली उतरवायचं की नाही, यावर हालग्यांच्या घरात सकाळपासून तीन मतं होती आणि माणसं चार. शिवकांत म्हणत होता, उतरवा. त्याची बायको मंजुषा म्हणत होती, पडदा लावा. कल्याणराव म्हणत होते, ती उतरली तर मीही या घरातून उतरलो, आणि हे म्हणताना त्यांनी सेलू स्टेशनच्या दिशेला हात केला होता. चौथी गंगम्मा. तिला मत नव्हतं, तिला नातीचं लग्न हवं होतं. रुद्राणीला कुणी विचारलं नव्हतं, कारण लग्न तिचं होतं.

"बाबा, जिंतूरची माणसं कडक आहेत," शिवकांत म्हणाला. "पोराची आजी मठात पहिल्या रांगेत बसते. बैठकीत नटी टांगलेली दिसली तर चहाला हात न लावता परत जाईल."

"नटी म्हनू नको. आर्टिस्ट हाय ती."

"आर्टिस्ट तर आर्टिस्ट. दोन तास कपाटामागं उभी राहील. तिला काय होतंय?"

"इतकी वर्षं जिनं या घराकडं तोंड केलं, तिला भित्तीकडं तोंड करून उभी करू?"

"तिनं घराकडं तोंड केलंय हे खरं," कोथिंबीर निवडता निवडता गंगम्मा म्हणाली. "घरातल्या एकाच माणसानं तिच्याकडं केलंय."

कल्याणरावांना हे ऐकू आलं नाही. त्यांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी जे ऐकायचं तेवढंच ऐकू येत असे, आणि डॉक्टरांनी त्याला कानाचा दोष म्हटलं होतं.

इरम्मा म्हणजे आयरीन हॅलोवे. कॉलेजसाठी हैदराबादला असताना कल्याणरावांनी तिला सिकंदराबादच्या एका थेटरात पहिल्यांदा पाहिलं. पडदा काळापांढरा होता, ती जिन्यावरून खाली येत होती, आणि पुढं कल्याणरावांचं शिक्षण पूर्ण झालं नाही. घरी सांगितलं ते असं, की हवा मानवली नाही. सेलूत वडिलांचं गिरिजा टॉकीज होतंच. पोरगा परत आला आहे तर बसू दे बुकिंगवर, असं वडील म्हणाले, आणि पोरानं दर रविवारी सकाळी इंग्रजी खेळ सुरू केला. या खेळाला रेल्वेचे दोन बाबू, एक डॉक्टर, इंग्रजीचे एक मास्तर आणि बायकांचे उघडे खांदे बघायला आलेली कॉलेजची पोरं, एवढी मंडळी असायची. कल्याणराव यालाच रसिकांची चळवळ म्हणायचे.

आयरीन हॅलोवेचा सिनेमा यायचा ठरला तेव्हा पेंटर नागसेननं तिचा मोठा बोर्ड रंगवला. तो टॉकीजवर चढला त्याच दिवशी कल्याणरावांचे वडील बोर्डावरच्या उघड्या खांद्यांखालून गेले, थांबले, आणि म्हणाले, "बाईला झाक. आपल्या थेटरावर लागायची तर आपल्यासारखी दिसू दे." नागसेन हुकमाचा पक्का. त्यानं तिच्या डोक्यावरून हिरवा जरीचा पदर घेतला, कपाळाला कुंकू लावलं, आणि पांढरा रंग उरलाच होता म्हणून कुंकवाच्या वर विभूतीचे तीन पट्टे ओढले. त्या रविवारी एखाद्या शिवशरणीचा देवाधर्माचा सिनेमा आला असं समजून सेलूतल्या बायका लेकरांसह, नारळ घेऊन आल्या. टॉकीज पहिल्यांदा भरलं. पहिल्या नाचानंतर रिकामं झालं. बोर्डातला तोंडाचा भाग कापून, चौकट करून कल्याणरावांनी घरी आणला, आणि घरात त्याला फोटो म्हणू लागले.

त्यानंतर दोन वर्षांनी गंगम्मा उदगीरकडून सून म्हणून आली. घरात पाऊल टाकल्यावर मोठ्यांच्या पाया पड, भिंतीवरच्यांच्याही पड, असं कुणीतरी सांगितलं, आणि ती ओळीनं पडत गेली. हिरव्या पदराच्या बाईपुढं डोकं टेकवलं तेव्हा मागं नणंदा तोंडात पदर कोंबून हसत होत्या. कारण कळायला गंगम्माला सहा महिने लागले. आयरीन हे नाव तिच्या तोंडात बसेना, म्हणून तिनं इरम्मा केलं. ते घराला बसलं. कल्याणरावांनाही आवडलं, कारण हॅलोवे आणि हालगे यात फार अंतर नाही, असं त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं होतं. आयरीन हॅलोवे गेल्याची बातमी पेपरात चार ओळींत आली तेव्हा ते दिवसभर जेवले नाहीत आणि चंदनाचा हार आणून फोटोला घातला. त्यांचा रेल्वेतला मित्र सूर्यभान दुसऱ्या एका नटीच्या बाजूचा होता. तो त्या दिवशी सांत्वनाला आला आणि जाताना म्हणाला, आमची अजून आहे. दोघं दोन वर्षं बोलले नाहीत.

"राहू द्या तिला," कोथिंबिरीचं ताट उचलून गंगम्मा म्हणाली. "फक्त कुणी तिचं नाव काढायचं न्हाई."

"अन् त्यांनी इचारलं तर?" शिवकांत म्हणाला.

"लोक पोरगी बघायला येतात, भित्ती बघायला न्हाई."

गंगम्माचा अंदाज सहसा चुकत नसे. या स्थळाच्या बाबतीत तर तिनं अंदाजावर काही सोडलंच नव्हतं. स्थळ मध्यस्थ परमेश्वर मामानं आणलं असं घरात सगळ्यांना वाटत होतं. परमेश्वरला ते गंगम्मानं दिलं होतं. गंगम्माला रुद्राणीनं सांगितलं होतं. रुद्राणी परभणीला कॉलेजात शिकवत होती आणि आजोबांचा रोग तिला लहानपणीच लागला होता. मोबाईलवर जुन्या इंग्रजी सिनेमांच्या चाहत्यांचा एक गट होता, त्यात येलदरीच्या वीजकेंद्रातला एक इंजिनिअर तिच्याशी भांडत असे. जिन्यावरच्या त्या प्रसंगातलं हसू आयरीन हॅलोवेचं स्वतःचं, की मागून दुसऱ्या कुणाचं घातलेलं, यावर दोघं पूर्ण उन्हाळा भांडली. पावसाळ्यात भांडण मिटलं, आणि मग बोलायला दुसरं काही नसल्यामुळं लग्नाचं बोलू लागली. पोरगा जातीतलाच निघाला, हा योगायोग फार बरा होता. पण पोराच्या आजीनं, कस्तुराबाईनं, थोरल्या नातवाचं मोबाईलवर जमलेलं लग्न मोडून दाखवलं होतं. म्हणून परमेश्वर.

"एवढं जमू दे," रात्री गंगम्मा नातीला म्हणाली होती. "तू आजवर मला काई मागितलं न्हाईस."

"सायकल मागितली होती."

"ती तुज्या आजोबांनी प्रोजेक्टरमंदी घातली."

जिंतूरची गाडी ऊन चढायच्या आत दाराशी लागली. पुढं परमेश्वर मामा, मागं पोराचे वडील भुजंगप्पा, पोरगा योगीराज, आणि काठी टेकत, कपाळावर रेखीव विभूती लावलेल्या कस्तुराबाई. त्यांनी उंबऱ्यात चपला काढल्या, बैठकीवर नजर फिरवली, मांडलेल्या खुर्च्यांकडं दुर्लक्ष केलं आणि सरळ भिंतीकडं गेल्या. काठी परमेश्वरच्या हातात दिली. दोन्ही हात जोडून, वाकून, फोटोखालच्या भिंतीला कपाळ टेकवलं. दारातून ड्रायव्हर बघत होता. त्यानंही हात जोडले.

कस्तुराबाई वळल्या आणि गंगम्माला हलक्या आवाजात विचारलं, "थोरल्या का?"

शिवकांतनं छताकडं पाहिलं. मंजुषा आत निघून गेली. कल्याणरावांचा चेहरा असा झाला, की आता ते नाव, सिनेमा आणि साल, तिन्ही सांगणार. गंगम्माकडं विचार करायला एका श्वासाएवढा वेळ होता. जी बाई आत्ताच भिंतीला कपाळ टेकवून उठली आहे, तिला ही अमेरिकेतली नटी आहे हे सांगायचं कसं, आणि सांगितल्यावर रुद्राणीचं काय?

"हो," गंगम्मा म्हणाली. "थोरल्या."

"वाटलंच मला. तोंडावर तेज हाय बाईच्या." कस्तुराबाई आता बसल्या. "नाव काय?"

"इरम्मा."

"अगं माय! माज्या आत्याचं नाव. माहेर कुठलं?"

"लांबचं," कल्याणराव बोलून गेले. "समुद्राकाठचं."

"समुद्राकाठी आपली मानसं हाईत?"

"आता कुठं न्हाईत आई," भुजंगप्पा म्हणाले. "आपला सिद्धू नाही का कॅलिफोर्नियाला."

"हां, त्याच बाजू..." कल्याणरावांनी सुरुवात केली, आणि गंगम्मानं त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"कशानं गेल्या?"

"क्षयानं." कल्याणरावांचा आवाज अचानक खाली आला. "खोकला लागला. रुमालावर रक्त. तरी हसायची हो. शेवटच्या दिवशीबी केस असे नीट. खिडकीतून उजेड यायलाय, अन् ती म्हणायलीय, पडदा ओढू नका." त्यांचे डोळे खरोखर भरले.

गंगम्माला हा सिनेमा माहीत होता. दुसऱ्या एकात इरम्मा बुडाली होती आणि तिसऱ्यात नवऱ्यानं गोळी घातली होती. यांना आधी क्षय आठवला ही सांबाची कृपा.

"समाधी कुठं हाय?"

"तिकडंच."

"जाता का कवा?"

"मनानं," कल्याणराव म्हणाले आणि उपरण्यानं डोळे पुसले.

कस्तुराबाईंनीही डोळ्याला पदर लावला. "बघ भुजंगा, याला म्हनावं मानूस. तुज्या बापानं मी दवाखान्यात असताना पत्ते खेळले." मग त्या गंगम्माकडं वळल्या आणि त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "अन् तुमी सवतीचा फोटो असा ठिवता?"

"रोज पुसते," गंगम्मा म्हणाली. सकाळपासून त्या बैठकीत बोललं गेलेलं हे पहिलं पूर्ण खरं वाक्य होतं.

"थोरल्या बाईंना मूलबाळ?" भुजंगप्पांनी चाचपलं. ते कापसाचे व्यापारी होते. "नाही, म्हणजे पुढं जमिनीत कुणी..."

"भुजंगा, गेलेल्या मानसापुढं सातबारा काढू नगंस."

स्थळ जमलं होतं. गंगम्माला ते कस्तुराबाईंच्या मांडी घालण्यावरून कळलं. पाहुणी बाई खुर्चीत मांडी घालून बसली की ती परत जायला आलेली नसते. आता रुद्राणीनं यायचं, पोहे द्यायचे, नाव-शिक्षण सांगायचं आणि कपाळाला कुंकू लावून घ्यायचं, एवढंच उरलं होतं. रुद्राणी आली. योगीराजनं तिच्याकडं पाहिलं नाही. असं त्यांचं आधी ठरलं होतं. तिच्याकडं पाहायचं नाही म्हणून त्यानं भिंतीकडं पाहिलं.

पोह्यांची बशी त्याच्या हातात कलली. हा फोटो घरात आहे हे रुद्राणीनं त्याला सांगितलं नव्हतं, लग्न ठरलं की दाखवायचा म्हणून राखून ठेवला होता. तो उठला, शेंगदाणे सतरंजीवर सांडत फोटोपाशी गेला आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघू लागला.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"मिळालं काय रं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "मानूस हाय ते."

पण कल्याणरावांनी तो आवाज ओळखला होता. असा आवाज त्यांनी सूर्यभान सोडला तर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. हालग्यांची अब्रू, नातीचं लग्न, बायकोचा पाय, सगळं बाजूला सारून ते उभे राहिले. "वळखलंत?"

"जिन्यावरचा शॉट. कानातले तेच आहेत."

"डावीकडून घेतलाय."

"डावीकडूनच घ्यायचे. करारातच होतं तिच्या."

"अन् लोक म्हणतात ते हसू तिचं न्हाई!"

"कोण म्हणतं?" योगीराज वळला आणि त्यानं सरळ रुद्राणीकडं बोट केलं. "ही म्हणते."

"मी असं म्हटलं नव्हतं," रुद्राणी म्हणाली. "मी म्हटलं होतं, दुसऱ्या हसण्याच्या वेळी ओठ जुळत नाहीत."

"जुळतात," आजोबा आणि होणारा नातजावई एकदम म्हणाले.

भुजंगप्पा पोरीकडून पोराकडं आणि पोराकडून पोरीकडं बघत होते. परमेश्वर मामा काठी हातात घेऊन हळूहळू दाराकडं सरकत होता.

"योग्या," कस्तुराबाई म्हणाल्या. "कसला करार?"

योगीराजला आता कळलं, पण उशीर झाला होता. खोटं त्याला येत नव्हतं. हा गुण गंगम्माला लांबून बरा वाटला होता. "आजी, ही... हिचा फोटो आपल्याकडं पण आहे."

"आपल्याकडं? कुठं?"

"माझ्या खोलीत."

कस्तुराबाई बराच वेळ भिंतीकडं बघत राहिल्या. त्या मनातल्या मनात पदर काढत होत्या, कुंकू पुसत होत्या, विभूती पुसत होत्या, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "ती उघड्या खांद्याची?"

"हो."

"जिला मी उलटी करते अन् तू सुलटी करतोस, ती?"

"तीच."

"आमच्याकडं उघडी, अन् तुमच्याकडं इभूत लावून." त्या गंगम्माकडं वळल्या. "इहीणबाई, मला आत न्या."

स्वयंपाकघरात मंजुषानं त्यांना बघितलं आणि न सांगता मागच्या दारानं बाहेर पडली. कस्तुराबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. काठी परमेश्वरकडं राहिली होती, पण राग उभं राहायला पुरत होता.

"थोरली कामून म्हनलात?"

गंगम्मानं गॅस बारीक केला. माफी मागावी असं तिच्या मनात होतं. तोंडातून दुसरंच आलं. "तुमी इचारलं, थोरली का? मी म्हनलं, हो. माज्या आधीपासून ती या घरात हाय. मी आले तवा भित्तीवर ती होती, मी खाली होते. रविवार तिचा, सोमवार ते शनिवार तिच्या गोष्टी. शिवकांत झाला तवा हे टॉकीजवर होते, तिचा सिनेमा होता म्हनून. थोरली न्हाई तर कोन म्हनायचं हो तिला?"

"मी तिच्या पाया पडले."

"मीबी पडले होते."

"तुमी नवी नवरी होत्या! मी मठात पुढं बसते." कस्तुराबाईंचा आवाज पहिल्यांदा कापला. "स्वामी येतात तवा आरतीचं ताट माज्या हातात असतं. ड्रायव्हरनं बघितलं. परमेश्वरनं बघितलं. मी इथून उठून गेले तर लोक इचारतील ना, सोयरीक कशानं मोडली? मग काय सांगू? सांज व्हायच्या आत जिंतूरात होईल, कस्तुराबाईनं नटीपुढं डोकं टेकलं. अन् ती कसली नटी, तर विंग्रजी."

बाई घाबरली आहे, हे गंगम्माला आता दिसलं. घाबरलेली माणसं लवकर निघून जातात.

कस्तुराबाईंनी पाण्याचा तांब्या उचलला, वरूनच प्याल्या, आणि खाली ठेवेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

"तर मग ती नटी न्हाई."

"मंजे?"

"तुमीच सांगितलं की. थोरली हाय. मी जिच्या पाया पडले ती कल्याणरावांची थोरली बायको. क्षयानं गेली. मूलबाळ न्हाई. पोरगं आमचं येडं हाय, त्याला सारख्या तोंडाची बाई मोबाईलमंदी दिसली, एवढंच. अन् ह्या दोघांचं आधीपासून जमलेलं हाय, ते मला यायच्या आधीच कळलंय. पहिल्यांदा पोरगी बघनारा पोरगा भित्तीकडं बघत नसतो. ते परमेश्वरच्या नावावर राहू दे."

"राहू दे," गंगम्मा म्हणाली. तिच्या जिवात जीव येत होता.

"पन नुसतं म्हनून चालायचं न्हाई. उद्या कुनी कायबी म्हनंल. पत्रिकेत पायजे. छापलं की खरं."

"पत्रिकेत?"

"वर, गेलेल्या थोरामोठ्यांच्या नावांत. लिंगैक्य सौभाग्यवती इरम्मा कल्याणराव हालगे. जिंतूर, सेलू, परभनी, सगळीकडं जाऊ दे."

"अन् मी?"

कस्तुराबाईंनी क्षणभर विचार केला. त्या निष्ठुर नव्हत्या, फक्त नियमाच्या पक्क्या होत्या. "तुमी तिच्या खाली. धाकट्या."

गंगम्मानं ओट्यावरचा फडका घेतला आणि स्वच्छ ओटा पुसायला लागली. पत्रिका उदगीरलाही जाणार. तिचे दोन भाऊ अजून होते. कानानं, डोळ्यानं गेलेले, पण पत्रिका अक्षर न् अक्षर वाचणारे. वडिलांनी आपली बहीण दुसरेपणावर दिली आणि आपल्याला सांगितलं नाही, हे त्यांना या वयात छापील अक्षरांत कळणार. जी गोष्ट कधी घडली नाही, ती. इतकी वर्षं या घरात दुसऱ्या नंबरावर काढली, ते एक. पण ते चार भिंतींत होतं. लग्नाच्या अक्षतांना, बापानं दिलेल्या मानाला कुणी बोट लावलं नव्हतं. पहिली बायको हे एवढंच तिच्याकडं कागदावरचं होतं.

बैठकीतून हसण्याचा आवाज आला. गंगम्मा दारापर्यंत गेली. फोटोखाली कल्याणराव, योगीराज आणि रुद्राणी एका मोबाईलवर डोकी घालून बसले होते. आयरीन हॅलोवे त्यात जिन्यावरून खाली येत असणार. रुद्राणी म्हणत होती, "बघा, इथं! नाही जुळत!" आणि योगीराज म्हणत होता, "परत लाव." याआधी दोन स्थळांपुढं ती पोरगी बशी घेऊन अशी उभी राहिली होती, जशी बँकेच्या रांगेत माणसं उभी राहतात. आता लग्न मोडायच्या बेतात होतं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

शिवकांत एका कोपऱ्यात भुजंगप्पांना समजावत होता. काय समजावत होता ते त्याचं त्यालाही कळत नसावं.

"बरं," गंगम्मा वळून म्हणाली. "छापा."

"मनापासून?"

"मनापासून कशाला हो? पत्रिकेतच पायजे ना?"

कस्तुराबाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी गंगम्माचा हात धरला, आणि काठी नसल्यामुळं का मायेनं ते न कळू देता, त्या हातावर भार टाकून बैठकीत आल्या. सगळे उठले. मोबाईल बंद झाला.

"परमेश्वर, काठी दे अन् दारातून आत ये. कुंकू आना," कस्तुराबाई म्हणाल्या. "ह्या थोरल्या इरम्माबाई. आमच्या पोरानं दुसऱ्याच बाईचं तोंड समजून कायतरी बडबड केली, ती कुनी मनावर घेऊ नका. योग्या, ह्या कोन?"

योगीराजनं रुद्राणीकडं पाहिलं, मग भिंतीकडं. खऱ्या चाहत्याला याहून मोठी शिक्षा नव्हती. "थोरल्या आजी," तो म्हणाला.

"पाया पड."

तो पडला. मनापासून पडला, हे मात्र कुणाला सांगायची गरज नव्हती. त्याच्यामागं रुद्राणी पडली. भुजंगप्पांना काही समजलं नव्हतं, तेही पडले. रुद्राणीच्या कपाळाला कुंकू लागलं, ओटीत खण आणि नारळ पडला, मंजुषा मागच्या दारानं परत आली आणि साखर वाटू लागली. कल्याणराव फोटोखाली उभे होते. पत्रिकेची गोष्ट शिवकांतनं त्यांच्या कानात सांगितली तेव्हा ते लाजले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला लाजताना गंगम्मानं प्रथमच बघितलं. त्यांच्या लग्नातसुद्धा ते लाजले नव्हते, घाईत होते.

शिवकांतनं मजकूर मोबाईलवर तिथल्या तिथं लिहायला घेतला, कारण कस्तुराबाई तो ऐकल्याशिवाय गाडीत बसायला तयार नव्हत्या. "लिंगैक्य सौभाग्यवती इरम्मा कल्याणराव हालगे," त्यानं वाचलं.

"आयरीन लिहिलं तर?" कल्याणराव म्हणाले. "कंसात?"

"इरम्मा," कस्तुराबाई म्हणाल्या.

"बरं, इरम्मा."

"खाली, श्री. कल्याणराव. त्याखाली..." शिवकांत थांबला. तो वाईट पोरगा नव्हता, फक्त त्याला अडचणीच्या वेळी छताकडं बघायची सवय होती. "आई, तुझं कसं लिहू?"

सगळे गंगम्माकडं बघू लागले. ती सतरंजीवरचे शेंगदाणे वेचत होती.

"माजं नाव लिही," ती म्हणाली. "अन् नावाच्या पुढं 'हयात' लिही."

"आई, पत्रिकेत असं कुणी लिहीत नाही."

"ज्यांच्या घरातल्या मेलेल्या बाया मेलेल्या असतात, ते न्हाई लिहीत," गंगम्मा म्हणाली. "तू लिही. ठळक."